सातचा रहाट

दर रविवारी आम्ही सात जण मिसळ खायला जातो. परवा जादाचे पाव, ताक, दोनदा चहा असं सगळं धरून बिल झालं बरोब्बर हजार. एकाने मोबाईलवर सातने भागलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरला : १४२.८५७१४२८५७. ‘अरे, हे संपतच नाही!’

संपणारही नाही. १४२८५७ ही आपली जुनी ओळख. शाळेत पायची किंमत २२/७ धरून भागाकार करत सुटलो की तीनच्या पुढे हीच स्वारी हजर व्हायची. (खरा पाय असा गोल फिरत नाही, पण हे तेव्हा कोण सांगणार!)

मी बिल उलटं करून पेन मागितलं. १४२८५७ ची दुप्पट २८५७१४. तिप्पट ४२८५७१. चौपट ५७१४२८. पाचपट ७१४२८५, सहापट ८५७१४२. तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळीकडून. रहाटाची गाडगी जशी, कुठलंही आधी वर आलं तरी त्याच्यामागे येणारं ठरलेलं.

यात जादू नाही, आणि मला तर ती नसण्यातच मजा वाटते. सातने भागताना बाकी उरून उरून किती उरेल? एक ते सहा. १० मधून ७ गेले, उरले ३. मग ३० ला भागा, उरतात २. पुढे ६, ४, ५ आणि परत १. सहाही बाक्या एकेकदा येऊन गेल्या, आता सातवी आणायची कुठून? झक मारत पहिलीकडे यावं लागतं.

सातपट केली की मात्र रहाट थांबतो : ९९९९९९. आठपट ११४२८५६, म्हणजे मोडलंच की सगळं! पण पुढचा १ उचलून शेवटच्या ६ मध्ये टाका, १४२८५७ परत जागेवर.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या नावाने काही संख्या ओळखल्या जातात. वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, बेरीज मूळ संख्येइतकी यायला हवी. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. आमची संख्याही त्यांतलीच. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. यातले २०४०८ आणि १२२४४९ मिळवून पाहा. मी तिथेच मिळवले. तोवर चहा गार झाला होता आणि वेटर दोनदा येऊन गेला होता.

‘ते राहू दे, प्रत्येकी किती काढायचे?’

‘एकशे त्रेचाळीस.’

सगळ्यांनी काढले. मोजले तर एक हजार एक.

‘आहेर झाला की रे,’ एक जण म्हणाला.