सुक्क्याची सजावट मुलांच्या हातून: काय टिकतं, काय गळून पडतं

दारफाळणीचा सण, म्हणजे ज्यूंचा उपवासाचा दिवस योम किप्पुर, संपला की सुक्कोथपर्यंत, म्हणजे मांडवात जेवण्याच्या आठवडाभराच्या सणापर्यंत, हातात चारच दिवस उरतात. तिश्री या हिब्रू महिन्याची 10 तारीख उलटते आणि 14च्या संध्याकाळी मांडवात जेवणाची पानं मांडलेली असतात. काही वर्षी त्या चार दिवसांत एक शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, येतो, मग उरले तीन. मांडव, म्हणजे सुक्का, उभा करणं मोठ्यांचं काम. सजावट, म्हणजे नोय सुक्का, मात्र बहुतेक घरांत मुलांकडे येते आणि ती तशीच यावी. फक्त एक गोष्ट आधी पक्की हवी. सणाच्या मुख्य दिवसांत आणि शब्बाथला कापणं, चिकटवणं, गाठ मारणं चालत नाही. त्या दिवशी पडलेली साखळी पुन्हा टांगता येत नाही. मुलाने दोन तास खपून केलेली वस्तू पहिल्याच रात्री खाली आली तर ती उचलून लावण्याची सोय नाही. म्हणून कागद निवडतानाच विचारायचं: हे आठवडाभर वर राहील का?

मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये घरचा सुक्का शक्य होत नाही, कारण तो उघड्या आभाळाखाली हवा. बाल्कनीवर वरच्या मजल्याचा स्लॅब असेल तर ती जागा बाद. त्यामुळे सजावट घरी करायची आणि सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनास्थळाच्या, अंगणातल्या सुक्क्यात नेऊन लावायची. इस्राएलमधल्या अश्दोद, लोद, दिमोनाकडच्या मराठी ज्यू घरांत अंगण किंवा मोकळी गच्ची असली की सुक्का दारातच होतो. दोन्हीकडे शत्रू पाणीच, रूप तेवढं वेगळं. इकडे परतीचा पाऊस, तिकडे पहाटेचं दव. दवाने कागद चिंब होत नाही, पण रोज थोडा थोडा लिबलिबीत होतो आणि चौथ्या दिवशी फेविकॉलचा जोड सुटतो.

सगळ्यात आधी साखळी. तीन वर्षांच्या मुलालाही जमणारी ही एकच वस्तू. घोटीव कागद नको, तो पातळ असतो आणि आतून पांढरा दिसतो. दोन्ही बाजूंनी रंगीत असलेला जाडसर ए-फोर कागद घ्या. पट्ट्या कागदाच्या रुंदीत काढायच्या, 3 सेंमीच्या. एका कागदात 9 पट्ट्या बसतात, प्रत्येक 21 सेंमी लांब. टोकं 2 सेंमी एकावर एक घेतली की साधारण 6 सेंमी व्यासाची कडी होते. एक मीटरला 17 कड्या धरा. अडीच मीटर बाय दोन मीटरच्या सुक्क्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत थोडा झोळ देऊन साडेतीन मीटर लागतात, म्हणजे 60 कड्या, म्हणजे सात कागद. कर्णावर दोन साखळ्या हव्या असतील तर चौदा. हे गणित आधी करा, नाहीतर साखळी मधेच संपते आणि मुलांचा उत्साह त्याच्या आधी.

मुलाने पट्टी ओवायची, टोकं जुळवून चिमटीत धरायची. स्टेपलर मोठ्यांच्या हातात. पिनेच्या मिटलेल्या टोकांची बाजू कडीच्या बाहेर ठेवा, म्हणजे पुढची कडी आत अडकून फाटत नाही. ज्याला गोंदच लावायचाय त्याला गोंदकांडी द्या, लावू द्या, वर एक पिन मारा. नुसत्या गोंदावर साखळी टांगू नका. मधली एक कडी सुटली की अख्खी साखळी जमिनीवर येते.

चार-पाच वर्षांच्या मुलांना कंदील आवडतात. दिवाळीला शाळेत करतात तोच. ए-फोर कागद लांबीत दुमडायचा, दुमडीकडून कात्री चालवायची आणि उघड्या कडेच्या अडीच सेंमी आधी थांबायचं. दोन-दोन सेंमीवर 14 काप बसतात. इथे हमखास एकच चूक होते: मूल उघड्या बाजूकडून कापतं आणि कागदाचे तुकडे हातात येतात. त्यावर उपाय म्हणजे दुमडीवर लाल खडूने जाड रेघ ओढायची आणि उघड्या कडेपासून अडीच सेंमीवर पेन्सिलची. लाल रेघेपासून निघायचं, पेन्सिलच्या रेघेवर गाडी थांबवायची. मग उलगडून गोल करायचं, दोन्ही कडांना पिन मारायची आणि वर 2 सेंमीची पट्टी कडीसारखी लावायची. आत मेणबत्ती अजिबात नको. डोक्यावर वाळत चाललेल्या झावळ्यांचं छत असतं.

क्रेप कागद सुक्क्यात आणूच नये, असं ठाम मत आहे. तो स्वस्त, झिरमिळ्या झटकन होतात, पण पाण्याचा थेंब पडला की रंग सोडतो आणि खालच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर लाल-जांभळे डाग पडतात. पतंगाच्या कागदाचंही तसंच. पारदर्शक रंग हवा असेल तर जिलेटीन कागद वापरा, त्याचा रंग उतरत नाही. चित्रं काढायला तेलकट खडू द्या. स्केचपेन पाण्यात पसरतात.

फळं हा सजावटीचा खरा गाभा. गहू, जव, द्राक्ष, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह आणि खजूर ही इस्राएलच्या भूमीची सात पिकं, आणि त्यातलं डाळिंब मुलांच्या हातून सगळ्यात चांगलं होतं. वह्यांना घालायचा खाकी कागद दुहेरी घेऊन 15 सेंमीचा डाळिंबाचा आकार कापा, वर मुकुट ठेवा. रंग आधी द्यायचा. भरल्यावर खडू दाबला की कागद फाटतो. दीड-दीड सेंमीवर पिना मारत या आणि बाजूला 5 सेंमीचं तोंड उघडं ठेवा. भरायला वर्तमानपत्राचं अर्धं पान, पण एकच बोळा करून नाही. मूल मोठा बोळा कोंबतं तेव्हा मधला भाग फुगतो आणि कडा चपट्याच राहतात. लिंबाएवढे बोळे करायचे. पहिला मुकुटात, मग कडेकडेने, शेवटचा मध्ये. बोटाने दाबल्यावर फळ किंचित दबायला हवं. टणक लागलं तर पिना उचकटणार.

मैदा-मिठाची फळं कोकणात करू नका. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण वाटी पाणी हे प्रमाण बरोबर आहे, पण मीठ हवेतली ओल ओढतं. वाळवलेली फळं मऊ पडतात, दोऱ्याच्या भोकाशी तुटतात, वर मुंग्या येतात.

खरी फळं टांगायची पद्धत जुनी आहे. तल्मूद या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात यादीच दिलेली आहे: अक्रोड, बदाम, डाळिंबं, द्राक्षांचे घड, कणसांच्या माळा. आणि आधी तशी अट घातलेली नसेल तर सण संपेपर्यंत त्यातलं काही काढून खायचं नाही, हेही तिथेच सांगितलंय. मुलांना हे टांगण्याआधी सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी खुर्चीवर चढून द्राक्षं तोडली जातात. डाळिंब आठवडाभर छान राहतं, द्राक्षं तिसऱ्या दिवशी गळू लागतात आणि माश्या जमतात.

भिंतीसाठी उष्पिझिन, म्हणजे सुक्क्यात रोज एक येतो असे मानलेले धर्मग्रंथातले सात पाहुणे: अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे, आहरोन, योसेफ, दावीद. काही घरांत योसेफ सहावा न येता चौथा येतो. आपल्या घरची रीत धरा. मुलाच्या तळहाताचा ठसा हे पाहुण्याचं दार करा आणि त्यावर नाव लिहा, मराठीत किंवा हिब्रूत. देवाचं नाव मात्र सजावटीवर लिहू नका. तो कागद नंतर केरात टाकता येत नाही, तो गेनिझात, म्हणजे पवित्र नाव असलेल्या कागदांसाठी राखलेल्या जागी, ठेवावा लागतो.

हे कागद लॅमिनेट करायचे असतील तर दुकानदाराला कडा तासून देऊ नको म्हणून बजावून सांगा. कागदाच्या चारी बाजूंना दोन सेंमी नुसतं प्लास्टिक सुटायला हवं आणि भोक त्या प्लास्टिकमध्ये पाडायचं. भोक कागदातून गेलं की पाणी तिथून शिरतं आणि दोन दिवसांत अब्राहामाच्या नावाभोवती तपकिरी वर्तुळ दिसायला लागतं.

आता टांगणं. छताला, म्हणजे सखाखला, थेट काही बांधू नका. नारळाची झावळी तोडल्यावर तीन-चार दिवसांत आक्रसते, पाती वळतात आणि पहिल्या दिवशी घट्ट असलेली गाठ सैल पडते. त्यापेक्षा खांबापासून खांबापर्यंत नायलॉनची दोरी सखाखच्या खाली 10 सेंमीवर ताणा आणि सगळं तिच्यावर लावा. साखळीच्या टोकाला केबल टाय, हलक्या वस्तूंना कपड्यांचे चिमटे. चिमटा लावायचं काम सहा वर्षांचं मूल मोठ्यांच्या खांद्यावर बसून आनंदाने करतं.

वस्तू किती खाली लोंबू द्यायची यालाही माप आहे. सखाखपासून चार तेफाख, म्हणजे चार मुठींच्या आत राहिली तर ती सखाखचाच भाग मानली जाते. मुठीचं माप वेगवेगळं धरलं जातं, पण 30 सेंमीच्या आत राहिलात की सगळ्या मापांत बसता. साखळीचा झोळ मध्ये जास्त खाली येतो, म्हणून मोजायचं ते मध्यावर. आणि इतकं लावू नका की झावळी दिसेनाशी होईल. सावली झावळीची हवी, रात्री फटींतून चांदण्या दिसायला हव्यात.

सिनेगॉगपर्यंत न्यायचं असेल तर साखळी पिशवीत कोंबू नका. बुटाच्या खोक्यात नागमोडी थर लावा, प्रत्येक थरावर वर्तमानपत्र, आणि वर राहिलेलं टोक कपड्याच्या चिमट्याने खोक्याला अडकवा. काढताना तेच टोक धरायचं. कंदील चपटे करून वेगळे न्या, तिथे गेल्यावर फुलवा.

सिम्हाथ तोरा, म्हणजे सुक्कोथच्या शेवटी येणारा सण, झाल्यावर साखळ्या आणि कंदील टाकून द्या, पुढच्या वर्षी मुलं नव्याने करतील. पाहुण्यांचे लॅमिनेट केलेले कागद पुसून, पूर्ण कोरडे करून ठेवा आणि मागे मुलाचं वय लिहा. डाळिंबं उतरवून त्याच दिवशी सोला. साल कडक झालेली असते, दाणे आतून ताजेच असतात.