दीड हजार वाढवायला मला तीन आठवडे लागले

पुण्यात वारज्याला असलेल्या आमच्या फ्लॅटचं ॲग्रीमेंट मार्चमध्ये संपत होतं आणि मी आधीपासूनच रोज मोबाईल घेऊन बसायचे, मेसेज टाईप करायचा, पुसायचा, परत टाईप करायचा. भाडं वाढवायचंय एवढंच सांगायचं होतं हो. पण भाडेकरू कसला, तर ताई ताई करणारा, ५ तारखेला न मागता पैसे टाकणारा, दिवाळीला चिवड्याचा डबा घेऊन येणारा. याच्यापेक्षा एखादा खडूस असता तर बरं झालं असतं.

अठरा हजार भाडं, दोन ॲग्रीमेंट झाली तरी तेच. दर रिन्यूअलला ५ टक्के वाढवायचं असं पहिल्याच दिवशी बोलणं झालेलं, पण मागच्या वेळी त्याची बायको बाळंत झालेली म्हणून मीच म्हटलं राहू द्या. आणि आता खालच्या मजल्यावरचा तसाच वन बीएचके तेवीसला गेला, ही बातमी ब्रोकरने मला स्वतःहून फोन करून दिली. "मॅडम, याला काढा, आठ दिवसांत दुसरा लावतो." लावशील रे बाबा, तुला दोन्हीकडून मिळणार.

नवऱ्याचं म्हणणं, सरळ तेवीस माग, नाही जमलं तर जाऊदे. मी लाईटबिलाच्या मागे हिशोब केला. महिन्याला ५ हजार जास्त म्हणजे वर्षाचे ६०. पण हा गेला तर फ्लॅट एक महिना तरी रिकामा राहणार, तिथे २३ गेले, ब्रोकर आपल्याकडूनही एक भाडं घेतो ते अजून २३, रंग आणि नळ-बिळ दुरुस्ती धरून वीसेक. झाले ६६. म्हणजे पहिल्या वर्षी उलट सहा हजार आपल्याच खिशातून! दुसऱ्या वर्षी फायदा आहे ना, असं नवरा म्हणाला, आणि तेही खरंय, पण नवीन माणूस दुसरं वर्ष टिकेलच असं कुठे लिहून दिलंय.

त्यात मैत्रिणीने घाबरवलं की कायद्याने ४ टक्क्यांच्या वर वाढवताच येत नाही. असं नाहीये. तो नियम १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातला, जुन्या भाडेकरूंसाठी. आपलं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी, त्यात दोघांचं ठरेल ते. मात्र ॲग्रीमेंट रजिस्टर करणं मालकाच्याच डोक्यावर असतं, अकरा महिन्यांचं असलं तरी, आणि केलं नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरतात. नुसत्या नोटरीवर काम भागवणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्या.

खरी अडचण वेगळीच होती. मी मुंबईत गिरगावातल्या चाळीत वाढलेली, पागडीच्या खोलीत, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे भरायचे आणि मग नाममात्र भाड्यात राहायचं. १९४७ च्या कायद्याने मुंबईतली जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० ला होती तिथेच गोठवलेली, त्या कृपेवर आमच्यासारखी किती घरं उभी राहिली. मालकाचा माणूस पावतीपुस्तक घेऊन यायचा, बाबा छप्पर गळतंय म्हणायचे आणि तो म्हणायचा, एवढ्या भाड्यात कौलंसुद्धा येत नाहीत. आम्हा पोरांना तो राक्षस वाटायचा. आणि आता ते पावतीपुस्तक माझ्या हातात, म्हणजे जीपे, पण तेच ते. त्या माणसाची बाजू आता थोडी कळते, थोडीच, कारण छप्पर त्याने शेवटपर्यंत नीट केलंच नाही.

शेवटी मेसेज नाहीच पाठवला, रविवारी सरळ गेले. चहा झाला, बाळ मांडीवर आलं, ते आल्यावर तर मला काही सुचेचना. ५-५ टक्के दोनदा लावले असते तर १९,८४५ झाले असते, मी धाडस करून म्हटलं, साडेएकोणीस करूया का? तो लगेच म्हणाला, "चालेल ताई, आम्ही वीस धरूनच चाललो होतो."

घ्या! तीन आठवड्यांची झोप त्यात पाचशेचा तोटा.

मग बायको आतून म्हणाली, ताई, वाढ देतोच आहोत तर गीझर बदलून द्या ना, दोन बादल्या पाणी काढलं की गार येतं. आता यावर नाही कसं म्हणणार. एजंट घरी येऊन सगळ्यांचे अंगठे घेऊन गेला, स्टॅम्प ड्युटी साडेपाचशेच्या आसपास, रजिस्ट्रेशनचे हजार आणि त्याची फी वेगळी, ते आम्ही निम्मं निम्मं केलं. गीझर साडेसहा हजारांचा पडला. नवऱ्याला मी पाच सांगितलाय.