बंपर उतरवला आणि गाडी वर आली

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराची इसुझू व्ही-क्रॉस पिकअप नाशिकला अंबडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये आली, तेव्हा तक्रार एकच होती. पुढच्या उजव्या ॲक्सलचा बूट, म्हणजे सांध्यावरचं घड्यांचं रबरी आवरण, १४ महिन्यांत तिसऱ्यांदा फाटला होता. आधी दोनदा दुसरीकडे बदलून झाला होता, दुसऱ्या वेळी तर अख्खा ॲक्सलच नवा टाकलेला. मालकाचं म्हणणं होतं, "मिस्तरी, पार्टच डुप्लिकेट येतात हल्ली."

बूट काढून हातात घेतला. रबर मऊ होतं, उन्हाने तडकलेलं नव्हतं. घड्या जिथे एकमेकींवर दाबल्या जातात तिथे, एकाच रेषेत, घासून घासून चीर पडली होती. रबर खराब असेल तर ते कुठेही फाटतं. एकाच घडीवर झिजलं असेल तर ॲक्सल त्याच्या हद्दीबाहेर वाकतोय, असं समजायचं. अशा वेळी पार्ट बदलत बसण्यात अर्थ नसतो, वाकण्याचं कारण शोधावं लागतं.

गाडीवर बरंच काम झालेलं होतं. पुढे ४ मिमी प्लेटचा लोखंडी बंपर, त्यात ९,५०० पौंडांची विंच, म्हणजे फसलेली गाडी तारेने ओढून काढणारं यंत्र. पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी जाड चकती. मागे पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये एक पाटा वाढवलेला. हे सगळं एकाच ठिकाणी, एकाच दिवशी केलेलं आणि मालकाला सांगितलेलं, "दोन इंच लिफ्ट दिलीये."

आम्ही आधी टेप लावला. गाडीची उंची जमिनीपासून मोजली की टायरमधली हवा आणि टायरचा साइज त्यात मिसळतो, म्हणून आम्ही हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतो. मोजण्यापूर्वी गाडी दोनेक मीटर पुढे-मागे ढकलायची. नाहीतर जॅकवरून उतरवलेली गाडी टायर बाहेर सरकायला अडल्यामुळे उंचच उभी राहते आणि माप चुकतं. या गाडीचं माप पुढे ५४३ मिमी आलं. त्याच मॉडेलची, काहीही न बदललेली गाडी शेजारीच सर्व्हिसिंगला उभी होती, तिचं ४९०. फरक ५३, म्हणजे दोन इंच आणि वर थोडं. सांगितलं होतं तेवढंच भरलं. या उंचीला बूट असा झिजायला नको होता, म्हणून आमचा तासभर बॉल जॉइंट, बेअरिंग आणि इंजिन माउंट तपासण्यात गेला. त्यात काही सापडलं नाही.

बंपर उतरवला तो वेगळ्याच कारणाने. डावीकडचा कोपरा बोटभर खाली आलेला दिसत होता, म्हणून माउंटिंग बघायचं होतं. खाली ट्रॉली जॅक, दोन्ही बाजूंना एकेक माणूस, असा तो विंचसकट खाली घेतला. गाडी ढकलून बाजूला लावली आणि सवयीने पुन्हा टेप धरला. ५६२.

बंपरच्या वजनाने गाडी १९ मिमी खाली बसली होती. म्हणजे खरी लिफ्ट ५३ नव्हती, ७२ होती. बंपरने ती झाकून ठेवली होती.

स्पेसर मोजला तर ४० मिमी जाडीचा निघाला. ४० चे ७२ कसे झाले, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण ही चूक सर्रास होते. पुढे डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन आर्म, असलेल्या गाडीत शॉकअपचं खालचं टोक चाकाशी नसतं, ते खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसतं. शॉकअप १ मिमी खाली ढकलला की चाक या गाडीत १.८ मिमी खाली जातं. म्हणजे शॉकअपच्या डोक्यावर ठेवलेला ४० मिमीचा स्पेसर चाकाशी ७२ मिमी होतो. ज्याने बसवला त्याने ४० मिमी म्हणजे "दीड-पावणेदोन इंच" धरलं असणार. वरून बंपर चढवला, गाडी खाली बसली, टेपवर दोन इंच दिसले आणि सगळ्यांचं समाधान झालं.

आता वजन. अंबड एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर आधी पुढची चाकं आणि मग मागची, असं दोन वेळा मोजलं, बंपर लावून आणि काढून. काटा दहा-दहा किलोने वाचतो, तरी चित्र स्पष्ट होतं. बंपर असताना पुढे १,२१० आणि मागे ८२०, बंपर काढल्यावर पुढे १,०९० आणि मागे ८५०. बंपर ५८ किलोचा, विंच तारेसकट ३७, एकूण ९५ किलो. पण पुढच्या चाकांवर १२० वाढले आणि मागचे ३० कमी झाले. बंपर पुढच्या चाकांच्याही पुढे, साधारण ८५ सेंमीवर लटकतो आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३.१ मीटर आहे. तरफेचा साधा हिशेब आहे, पुढे लोंबणारं वजन चाकावर सव्वापट होऊन पडतं आणि मागचा भार उचलतं. मागून आधीच हलकी असलेली रिकामी पिकअप पावसाळ्यात मागून का सरकते, त्याचं एक कारण इथे आहे.

बंपरचं वजन स्प्रिंगला दाबतं, पण चाक हवेत लटकलं की त्या वजनाचा काही संबंध उरत नाही. लटकलेलं चाक कुठपर्यंत खाली जाणार हे शॉकअपची लांबी आणि स्पेसर ठरवतो. सपाट जमिनीवर टेप ५३ म्हणत होता आणि नाल्यात उतरताना चाक पूर्ण ७२ मिमी जास्त खाली जायला बघत होतं.

गाडी रॅम्पवर घेतली, चाकं लटकू दिली. मूळ गाडीचं पूर्ण लटकलेलं माप ५७२ होतं, हिचं ६४० आलं. ७२ ऐवजी ६८ चाच फरक का? उरलेले ४ मिमी कुठे अडले ते टॉर्च लावल्यावर दिसलं. वरचा आर्म स्प्रिंगला टेकला होता. स्प्रिंगच्या वरून दुसऱ्या वेढ्यावर नखाएवढी जागा चांदीसारखी चकाकत होती, रंग पार गेलेला, आणि आर्मच्या आतल्या कडेला तेवढाच खड्डा. दर वेळी चाक खड्ड्यात सुटलं की खालच्या बाजूचा धक्का शॉकअपऐवजी हा आर्म आणि त्याचा बॉल जॉइंट खात होता. त्याच अवस्थेत ॲक्सल हाताने फिरवला. गुळगुळीत फिरायला हवा, तो प्रत्येक फेऱ्यात ठराविक जागी अडखळत होता. बूट का फाटतो हे मालकाला बोलावून, त्यांच्या हाताने ॲक्सल फिरवून दाखवलं. त्यानंतर डुप्लिकेट पार्टचा विषय निघाला नाही.

उलट्या दिशेलाही गडबड होतीच. चेसिसवरचा बंप स्टॉप, म्हणजे चाक पूर्ण वर आलं की त्याला अडवणारा रबरी ठोकळा, कोरा होता, त्यावर साच्याची रेघसुद्धा शाबूत. वर्षानुवर्षं शेतात चालणाऱ्या गाडीचा बंप स्टॉप असा नवा राहणं ही चांगली खूण नाही. स्पेसरने शॉकअप खाली ढकलल्यामुळे तो बंप स्टॉपच्या आधीच पूर्ण दाबला जात होता. दोन्ही शॉकअपना तेल सुटलेलं, उजव्याच्या वरच्या माउंटचं रबर फाटलेलं. स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, ही तक्रार मालकाने विचारल्यावर सांगितली. अलाइनमेंट मशीनवर कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगला परत सरळ आणणारा चाकाच्या आसाचा कल, शेजारच्या गाडीपेक्षा सव्वा अंशाने कमी निघाला. गाडी पुढून उचलली की कॅस्टर कमी होतोच. टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते, जुळवून टायर घासायचे थांबतात, स्टिअरिंगचं परतणं त्याने येत नाही.

बंपरच्या माउंटिंगचं सांगायचं राहिलं. चार बोल्ट, सगळे ८.८ ग्रेडचे, पातळ वॉशरवर. डावीकडचं १३ मिमीचं भोक ओढ बसून १७ मिमीचं लांबट झालं होतं. विंच ४,३०० किलोपर्यंत ओढू शकते आणि ती सगळी ओढ या चार बोल्टांतून चेसिसमध्ये जाणार. बंपर बसवताना कंपनीचे क्रॅश बॉक्स काढून टाकले होते. धडक बसल्यावर चुरगळून ताकद खाणारे ते दोन डबे आहेत. ते नसले की धक्का थेट चेसिसला आणि आतल्या माणसांना बसतो, एअरबॅग उघडण्याची वेळही कंपनीने तपासलेली राहत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं, ते पादचाऱ्यांच्या आणि गाडीतल्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करू देत नाही, आणि गाडीचं रिकामं वजन तर आरसीवरच लिहिलेलं असतं.

म्हणून मालकाला आधी एकच विचारलं, "भाऊ, बंपर ठेवायचा की काढायचा ते ठरवा, मग स्प्रिंगचं बोलू." आमच्याकडे याच क्रमाने काम होतं. चांगल्या कंपन्यांच्या स्प्रिंगा कायम राहणाऱ्या जादा वजनानुसार येतात, ० ते ५० किलोसाठी वेगळी, ५० ते ११० साठी वेगळी. जड बंपरची स्प्रिंग मोकळ्या गाडीला लावली तर गाडी जास्त उचलते आणि लाकडासारखी चालते. हलकी स्प्रिंग बंपरखाली लावली तर पुन्हा बसते, आणि मग कोणीतरी स्पेसर सुचवतो.

"आणि नाल्यात फसलो तर?" त्यांनी विचारलं. विंच आजवर दोनदा वापरलेली, ड्रमवरच्या तारेचा बाहेरचा वेढा गंजलेला. शेतावर ट्रॅक्टर आहे. चेसिसला ओढीसाठी बनवलेले दोन हुक, १०.९ ग्रेडचे बोल्ट, मागे जाड प्लेट, आणि एक ताणणारा रिकव्हरी दोर, एवढ्यात त्यांचं काम भागणार होतं. मूळ बंपर गोठ्याच्या माळ्यावर पडून होता. क्रॅश बॉक्स नवे मागवले.

काम तीन दिवस चाललं. पुढे स्पेसर काढले, ० ते ५० किलोच्या स्प्रिंगा आणि मूळपेक्षा १२ मिमी लांब शॉकअप घेतले, लक्ष्य चाकाशी ३५ मिमी. मूळ वरचा आर्म ठेवून आम्ही यापेक्षा जास्त उचलत नाही. स्प्रिंग घालण्याआधी नुसता शॉकअप बसवून चाक जॅकने पूर्ण वर-खाली नेलं. पूर्ण खाली माप ५९३, आर्म आणि शॉकअपमध्ये बोट जातं, ॲक्सल हाताने मोकळा फिरतो, ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणत नाही. पूर्ण वर नेल्यावर बंप स्टॉप आधी टेकतो, शॉकअपमध्ये १२ मिमी शिल्लक. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे, पण स्प्रिंग बसल्यावर ती करताच येत नाही. स्प्रिंग बदलताना स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरवर ती दोन्ही टोकांना मोकळी झाल्याशिवाय मधला नट सोडायचा नाही. यात घाई केलेल्यांचे हात आम्ही बघितले आहेत.

मागे वाढवलेला पाटा काढला. ते मागे एरवी औषधाचा पंप आणि थोडे क्रेट नेतात, त्या एका कडक पाट्याने रिकामी गाडी उड्या मारत होती. नवा पूर्ण संच ० ते २०० किलोचा घेतला, एकेक पाटा घुसडण्यापेक्षा हे बरं. घोड्या (टेकू देणारे स्टँड) चेसिसखाली, मागचा ॲक्सल जॅकवर. संचाच्या मधल्या बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात नीट बसल्याचं बोटाने चाचपून घेतलं, नाहीतर ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नेहमी नवे घ्यायचे, कारण जुने एकदा ताणलेले असतात. चारही नट तिरके-तिरके, तीन टप्प्यांत, शेवटी टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या मापावर. शॅकलचे (पाट्यांच्या टोकाच्या झुलत्या कड्यांचे) आणि पुढच्या आर्मचे रबरी बुशांतले बोल्ट मात्र गाडी हवेत असताना फक्त टेकवून ठेवले. गाडी चाकांवर उभी केली, हलवून बसवली आणि मगच आवळले. हवेत आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो, काही महिन्यांत रबर फाटतं आणि स्प्रिंगचं मापही खोटं दिसतं.

मग अलाइनमेंट, कॅस्टर दोन्हीकडे मापात आला. हेडलाइट भिंतीसमोर खाली घेतले, हे बहुतेक जण विसरतात. ट्रायल गिरणारे गावाच्या पुढच्या कच्च्या रस्त्याने आणि पेठ रोडच्या सावळघाटातून घेतली, एकदा रिकामी, एकदा मागे २०० किलोचे क्रेट ठेवून. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सेंटर बेअरिंगची थरथर कुठल्याच वेगात आली नाही, म्हणून तिथे पॅकिंग दिलं नाही.

सोडताना पुढचं माप डावीकडे ५२८, उजवीकडे ५२६ होतं. ड्रायव्हरची बाजू एवढी खाली चालते. ५०० किलोमीटरनंतर परत बोलावलं. स्प्रिंगा बसून माप ५२५ आणि ५२३ झालं होतं, यू-बोल्टच्या दोन नटांनी पाव फेरा घेतला. बूट कोरडा, वरच्या आर्मला काही टेकलेलं नाही. मालकाने लोखंडी बंपर भंगारात देऊ का विचारलं. आम्ही म्हटलं, द्या, फक्त दुसऱ्या कोणाच्या गाडीवर चढू देऊ नका.