44 नेटचा गेटवे: डेमन एका ओळीचा, खटपट भोवतालची

44 नेट म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं, हॅम मंडळींचं, आयपी नेटवर्क. त्याच्या गेटवेवर एएमपीआर-रिपडी हा डेमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, चालवायला एक ओळ पुरते. त्या ओळीच्या आधी आणि नंतर जे करावं लागतं, सगळा वेळ त्यातच जातो. मी हे डेबियन घातलेल्या रास्पबेरी पायवर केलं. एका बाजूला घरचा राउटर, दुसऱ्या बाजूला 2 मीटर बँडवरचं 1200 बॉडचं पॅकेट, म्हणजे रेडिओवरून जाणारा डेटा.

आधी वेगळा डेमन का लागतो ते. 44 ने सुरू होणारे आयपी पत्ते 1981 पासून हॅम मंडळींच्या नावावर आहेत. जगभरचे गेटवे एकमेकांशी आयपी-इन-आयपी टनेलने थेट बोलतात. म्हणजे 44 चं पॅकेट दुसऱ्या साध्या पॅकेटच्या पोटात घालून इंटरनेटवरून जातं. कोणता सबनेट (पत्त्यांचा गट) कोणत्या सार्वजनिक पत्त्यामागे आहे याची यादी सॅन दिएगोच्या विद्यापीठातला मुख्य गेटवे दर पाच मिनिटांनी रिप या रूट कळवणाऱ्या प्रोटोकॉलच्या दुसऱ्या आवृत्तीत पाठवतो. नेहमीचा रिप डेमन ही यादी झटकून टाकतो, कारण तिच्यातला 'नेक्स्ट हॉप' (पॅकेट पुढे ज्याच्याकडे द्यायचं तो पत्ता) त्याच्या जोडलेल्या नेटवर्कात नसतो. तो असतो दूरच्या गेटवेचा सार्वजनिक पत्ता, आणि तोच टनेलच्या बाहेरच्या पाकिटावर घालायचा असतो. आधी पर्लमध्ये लिहिलेला रिप44डी हे काम करायचा. मी सीमधला एएमपीआर-रिपडी घेतला.

44 नेटच्या पोर्टलवर सबनेट मंजूर करून घेणं आणि गेटवेचा पत्ता नोंदवणं सरळ आहे. मी /28 घेतला, म्हणजे सोळा पत्ते. एका रेडिओ पोर्टला भरपूर. एक गोष्ट मात्र तेव्हाच उरकावी: ज्या यंत्राला इंटरनेटशी बोलायचं आहे त्याची नोंद एएमपीआर डॉट ऑर्गच्या डीएनएसमध्ये हवी. ती नसेल तर मुख्य गेटवे त्याची इंटरनेटची पॅकेटं मुकाट्याने टाकून देतो आणि आपण आपल्याच रूटच्या टेबलात चूक शोधत बसतो.

टनेलसाठी आयपीआयपी मॉड्यूल चढवलं की टनेल-0 इंटरफेस आपोआप दिसतो. तो एकच पुरतो, प्रत्येक गेटवेसाठी वेगळा काढायचा नाही. त्याला 44 चा पत्ता /32 म्हणून दिला, टीटीएल 64 केलं, मल्टिकास्ट चालू केलं, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) 1480 ठेवलं. बाहेरच्या हेडरचे 20 बाइट वजा होतात म्हणून 1480. जोडणी पीपीपीओई असेल तर 1472.

आता टेबलं. डेमनने आणलेले शेकडो रूट मुख्य टेबलात टाकू नयेत. मी 44 क्रमांकाचं वेगळं टेबल केलं, त्यात टनेल-0 वरून मुख्य गेटवेकडे जाणारा डिफॉल्ट रूट 'ऑनलिंक' (गेटवे थेट जोडलेला आहे असं धर) लावून घातला, आणि नियम लिहिले: 44 कडे जाणारं ते या टेबलात, माझ्या /28 मधून निघणारं तेही या टेबलात.

पहिल्या नियमात जुन्या स्क्रिप्ट सर्रास 44.0.0.0/8 लिहितात. 2019 मध्ये 44.192.0.0/10 हा तुकडा ॲमेझॉनला विकला गेला, त्यामुळे तो नियम तसाच ठेवला तर ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या कितीतरी साइट त्या यंत्रावरून उघडतच नाहीत. त्यांची पॅकेटं टनेलमध्ये शिरतात. दोन नियम हवेत: 44.0.0.0/9 आणि 44.128.0.0/10.

दुसरा खड्डा जास्त फसवा. हे नियम मुख्य टेबलाच्या आधी पाहिले जातात आणि माझाच /28 त्यांच्या कक्षेत येतो. रेडिओ पोर्टचा रूट मुख्य टेबलात असून उपयोग शून्य. गेटवेवरून शेजारच्या स्टेशनला पिंग केलं तर पीटीटीचा (रेडिओ प्रक्षेपणाचा) दिवा लागत नाही, पण टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावला की तेच पॅकेट टनेल-0 वरून सॅन दिएगोला निघालेलं दिसतं. गल्लीतल्या घरी जायला निघालेला माणूस आधी विमानतळावर! एएक्स-0 (रेडिओ पोर्टचा इंटरफेस) वरचा /28 चा रूट टेबल 44 मध्येही घातला आणि दिवा लागला.

मग डेमनची ती ओळ. ऑप्शन असे: 'आय' ने टनेल-0, 'टी' ने टेबल 44, 'आर' ने रॉ सॉकेट, 'एस' ने मिळालेले रूट फाइलमध्ये साठवणं. 'एस' वगळू नका. त्यामुळे यंत्र पुन्हा चालू झालं की पुढच्या यादीची वाट न पाहता रूट हजर असतात. 'ए' ऑप्शन राउटरमागे बसलेल्यांनी नक्की द्यावा. डेमन स्वतःच्या इंटरफेसवरचे पत्ते ओळखून ते रूट वगळतो, पण राउटरमागे त्याला फक्त 192.168 वाला पत्ता दिसतो. आपला सार्वजनिक पत्ता 'ए' ला सांगितला नाही तर आपलाच सबनेट टनेलमधून आपल्याकडेच दाखवणारा रूट टेबलात येऊन बसतो. यादीच्या पासवर्डचा बाऊ नको: तो यादीबरोबर उघडाच येतो, टीसीपीडंपच्या सविस्तर आउटपुटमध्ये वाचता येतो. पहिल्यांदा 'डी' (डीबग) लावून समोरच चालवा, सर्व्हिस नंतर करा.

यादी येते, टीसीपीडंपमध्ये दिसते, तरी डेमन गप्प, असं झालं तर आरपी-फिल्टर पाहा, म्हणजे परतीची वाट वेगळी दिसली तर पॅकेट टाकणारी कर्नलची चाळणी. टेबल 44 मध्ये डिफॉल्ट घालायच्या आधीच मी डेमन सुरू केला होता. पाठवणारा असतो 44.0.0.1, त्याच्याकडे परतीची वाट कर्नलला इथरनेटवरून दिसली, पॅकेट आलं होतं टनेलवरून, म्हणून कर्नलने ते टाकलं. टीसीपीडंप त्या चाळणीच्या आधी बसतो, म्हणून त्याला दिसलं. टनेल-0 चं मूल्य 0 करून भागत नाही, कारण 'ऑल' (सगळ्या इंटरफेससाठीचं मूल्य) आणि इंटरफेस यांतलं मोठं मूल्य लागू होतं. 'ऑल' 1 असेल तर 0 निरर्थक. टनेल-0 ला 2, म्हणजे ढिली तपासणी, द्यायचं.

सगळ्यात जास्त वेळ घरच्या राउटरने खाल्ला. आयपी-इन-आयपी हा प्रोटोकॉल क्रमांक 4. त्याला पोर्ट नसतात, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर कितीही भरलं तरी फरक पडत नाही. घोळ असा की अर्धं काम चालतं. मी एखाद्या गेटवेला पिंग केलं की राउटर त्या जोडीची नोंद करतो आणि उत्तर आत येतं. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये अशी नोंद साधारणपणे 600 सेकंद टिकते. मुख्य गेटवेची यादी दर 300 सेकंदांनी येत असल्याने त्याची नोंद कायम ताजी राहते. म्हणून टेबल भरलेलं, मुख्य गेटवेचं पिंग चालू, आणि इतर कुणालाही माझ्यापर्यंत पोचता येत नाही. मी त्यांना पिंग केलं की दहा मिनिटं सगळं सुरळीत! यावर उपाय म्हणजे राउटरमध्ये रास्पबेरी पायला डीएमझेड होस्ट (बाहेरून येणारं सगळं ज्याच्याकडे वळतं ते यंत्र) करणं आणि पायवरच फायरवॉल घट्ट ठेवणं. सेवादाता सार्वजनिक पत्ताच देत नसेल, कॅरियर-ग्रेड नॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता) बसवत असेल, तर डीएमझेडनेही काही होणार नाही. स्थिर पत्ता विकत घ्या, किंवा डेमन भाड्याच्या सर्व्हरवर चालवून तिथून घरापर्यंत वायरगार्ड (व्हीपीएन टनेल) ओढा.

फायरवॉलमध्ये प्रोटोकॉल 4 फक्त मुख्य गेटवेकडून येऊ द्यावा असं वाटतं, पण बाकीचे गेटवे थेट पाठवतात. सगळ्यांना मोकळं सोडलं तर कुणीही पॅकेटात पॅकेट घालून आत शिरेल. 'एक्स' ऑप्शन यादी बदलल्यावर हवी ती स्क्रिप्ट चालवतो. माझी स्क्रिप्ट साठवलेल्या फाइलच्या प्रत्येक ओळीतला शेवटचा पत्ता उचलून आयपीसेट (फायरवॉलसाठीचा पत्त्यांचा संच) भरते, आणि प्रोटोकॉल 4 त्याच संचाला खुला आहे. मुख्य गेटवेचा पत्ता मात्र संचात हाताने, कायमचा.

रेडिओकडे डायरवुल्फ (साउंडकार्डातून चालणारा पॅकेट मोडेम) आणि किसअटॅच (तो कर्नलला जोडणारा प्रोग्राम), एमटीयू 256. 1480 बाइटचं पॅकेट इथे आलं तर त्याचे सात तुकडे होतात आणि 1200 बॉडवर नुसते बाइट सरकायला बारा सेकंदांच्या आसपास लागतात, टीएक्स-डिलेचा (प्रक्षेपण सुरू झाल्यावर डेटाआधी थांबण्याचा) वेळ वेगळाच. दहात एक तुकडा हरवतो असं धरलं तर सातही पोचण्याची शक्यता निम्म्याहून कमी, आणि एक गेला की उरलेले सहा फुकट. म्हणून एएक्स-0 मधून येणाऱ्या-जाणाऱ्या दोन्ही दिशांच्या टीसीपी सिन पॅकेटांत एमएसएस (एका टीसीपी पॅकेटातला कमाल डेटा) 216 वर बांधला. त्या पोर्टवर फॉरवर्ड फक्त 44 च्या पत्त्यांना. इंटरनेटवरून चाचपणी करत फिरणारी पॅकेटं हवेत सोडली तर चॅनेल त्यांनीच भरून जाईल. एसएसएचही तिथे बंद. हॅम बँडवर मजकूर सांकेतिक करून पाठवता येत नाही, तेव्हा रेडिओवरून आत यायला टेलनेट, आणि त्या खात्याला सुडोचे अधिकार नाहीत.