आई-बाबांसाठी केबिन काढू काय?

"काकू, आई-बाबांना बेंगळूरला बोलावतोय. रात्रीच्या गाडीचं फर्स्ट एसी काढू काय? केबिन असती म्हणे, दार लावून झोपता येतंय."

बेळगावच्या शहापूर-अनगोळपासून खानापूर-निपाणीपर्यंतची मुलं मला हे विचारतात. आमच्या भागात घरटी कुणीतरी बेंगळूरला नोकरीला आहे, आणि मी स्वतः मुलीकडे याच गाड्यांनी जाते-येते. निपाणीला तर रेल्वेच नाही. तिथल्या माणसांना आधी बेळगाव गाठायचं आणि मग गाडीत बसायचं, म्हणून ती सगळं नीट विचारून घेतात. तुम्हीही विचारलंत, तर सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, ट्रॅव्हल्सच्या स्लीपर बसपेक्षा रेल्वे बरी. याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि त्याचं कारण संडास हे आहे. ज्यांना साखर आहे, ज्यांना लघवीचा त्रास आहे त्यांना रात्रीतून उठावंच लागतं. बसमध्ये त्यासाठी ड्रायव्हरची मनधरणी करावी लागते. तो संकोच नको म्हणून कित्येक वयस्कर माणसं दुपारपासून पाणीच पीत नाहीत. सुमारे ६०० किलोमीटर तोंड कोरडं ठेवून जायचं, हे मला बघवत नाही. गाडीत ती मोकळेपणी उठतात, पाणी पितात, गोळ्या वेळेवर घेतात.

आता केबिनचं. फर्स्ट एसीत चार बर्थची केबिन असते आणि दोन बर्थची कूपे. सरकतं दार, आतून कडी, रुंद बर्थ, अटेंडंटला बोलवायला बेल. काही गाड्यांना अख्खा डबा असतो, तर काहींना अर्धा फर्स्ट आणि अर्धा टू टायर. पण पैसे भरून तिकीट कन्फर्म झालं तरी त्यावर बर्थचा नंबर येत नाही. केबिन की कूपे, वर की खाली, हे चार्ट लागल्यावर कळतं. आपण कूपेसाठी विनंती करू शकतो, पण ती मिळेलच असं धरून चालू नये. म्हणजे नवराबायको दोघं असली तरी चार बर्थच्या केबिनमध्ये एक खाली, एक वर अशी जागा येऊ शकते. गुडघे धरलेल्या आईला फर्स्ट एसीतही वर चढवणार का? खालचा माणूस भला असेल तर बदलून देतो. पण त्यालाही वय असतं, त्यालाही गुडघे असतात.

म्हणून माझं सांगणं असं, की आई-वडिलांना दारापेक्षा खालच्या बर्थची गरज जास्त आहे. स्लीपर, थ्री टायर आणि टू टायरमध्ये ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या बायका यांच्यासाठी काही खालचे बर्थ राखलेले असतात. ऑनलाइन तिकीट काढताना त्या कोट्याचा वेगळा पर्याय दिसतो. तो एका तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असतील, आणि ती दोन्ही त्या वयाची असतील, तरच चालतो. मुलं इथेच अडतात. प्रेमापोटी सगळ्यांचं मिळून एकच तिकीट काढतात, त्यात स्वतःचं नाव घालतात आणि कोटा हातचा जातो. आई-वडिलांचं तिकीट वेगळं काढा, तुमचं वेगळं. ज्येष्ठांना भाड्यात मिळायची ती सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. कोटा मात्र चालू आहे. टू टायरमध्ये मधला बर्थ नसतो, पडदा असतो आणि खाली ताठ बसता येतं. मला विचाराल तर त्या दोघांसाठी तेच काढा.

थ्री टायर काढलंत तर मधल्या बर्थचं त्यांना आधीच समजावून सांगा. रात्री दहा ते सकाळी सहा तो उघडा ठेवायचा हक्क मधल्या माणसाचा असतो, त्या वेळात खालच्याला बसता येत नाही. जेवण, गोळ्या, सगळं दहाच्या आत उरकलेलं बरं.

झोप लागते का? लागते, पण बेळगाव ते हुबळी नाही. हे आपल्या लाइनचं खास आहे आणि कुणी सांगत नाही. खानापूर सोडलं की जंगल लागतं, फोनची रेंज येते-जाते, आणि इकडे बेंगळूरला मुलं "फोन का लागत नाही" म्हणून कासावीस होतात. घाबरू नका. पुढे लोंढा, अळणावर, धारवाड, हुबळी. नऊच्या सुमाराची गाडी धरली, तर हुबळी मध्यरात्रीच्या आसपास येते. धारवाडला, हुबळीला भरपूर माणसं चढतात, दिवे लागतात, बॅगा ओढल्या जातात, टीसी नव्यांची तिकिटं बघतो. हुबळीचा फलाट १५०७ मीटर लांब आहे. त्यावरून आपला डबा शोधत आलेली माणसं धापा टाकत आत येतात, त्यांनी पाच मिनिटं दिवा लावला तर लावू द्यावा. केबिनमध्ये असाल तर इथे दारावर थाप पडणार, हे धरून चला. बेळगावला रिकामे दिसलेले दोन बर्थ बहुतेक हुबळीवाल्यांचे असतात. दार उघडायचं, "बरी, बरी" (कानडीत "या, या") म्हणायचं, परत झोपायचं. खरी रात्र तिथून पुढे सुरू होते, आणि ती छान जाते. हावेरी, दावणगेरे कधी गेलं ते कळतही नाही.

एकट्या जाणाऱ्या मुलीसाठी कुणी केबिन विचारलं, तर मी नको म्हणते. चार बर्थच्या केबिनमध्ये तीन अनोळखी पुरुष आणि ती एकटी, दार बंद, असं होऊ शकतं. बहुतेक वेळा काहीही वावगं घडत नाही, पण तिची झोप जाते ती जातेच. टू टायर, थ्री टायरमध्ये चार माणसांची जाग असते, समोर एखादं कुटुंब असतं. मुलीला १३९ नंबर फोनमध्ये साठवून द्या. रेल्वेची सगळी मदत आता त्याच नंबरवर मिळते.

बाकी छोट्या गोष्टी. एसीत चादरी, उशी, ब्लँकेट मिळतं. साध्या स्लीपरमध्ये काही नाही. तरी आईची शाल बरोबर असू द्या, एसीचा वारा कानाला लागतो. या गाड्यांच्या तिकिटात जेवण नसतं, फर्स्टच्याही नाही. चपाती, सुकी भाजी, शेंगाची चटणी घरूनच. नातवंडांसाठी कुंदा नेत असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, उशाशी. बर्थखाली उंदीर, झुरळं फिरतात, फर्स्टमध्येसुद्धा.

बेंगळूरला उतरण्याची काळजी नसते, गाडी तिथे संपतेच. यशवंतपूरला उतरायचं असेल तर तुमकूर गेलं की उठवावं. परतीची काळजी असते ती खानापूर-लोंढ्याच्या माणसांना. बेळगावच्या आधी, पहाटेच्या अंधारात, मिनिटा-दोन मिनिटांचा थांबा. आपली गाडी तिथे थांबते का, हे तिकीट काढतानाच बघा. १३९ वर स्टेशन यायच्या आधी उठवणारा फोन लावून ठेवता येतो, तो लावा. आणि अळणावर गेलं की बाबांना चप्पल घालून, बॅग घेऊन दाराजवळच्या बर्थपाशी बसायला सांगा. दोघांपैकी आधी बाबांनी उतरायचं, मग बॅग, मग आईला हात द्यायचा.