क्वार्टरबॅकचं सोडा हो, लाइनचं बोला

३१ ऑगस्ट २०२४ ला फ्रेस्नो स्टेटबरोबर पहिली मॅच, म्हणजे सीझनला आता दोन आठवडे राहिले, आणि आमच्या मिशिगनवाल्यांच्या (मिशिगन युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे फॅन) ग्रुपवर रोज सकाळी उठून एकच विषय, क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून खेळ चालवणारा, कोण? ओरजी का वॉरन का टटल. ओरजी पळतो जबरदस्त पण पास टाकताना त्याला फारसं कोणी बघितलेलंच नाही, वॉरन वॉक-ऑन म्हणजे स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये आलेला, टटलचं हे कॉलेजातलं सातवं वर्ष (सातवं!), आणि कोच काही तोंड उघडत नाहीये. चालू दे चर्चा. माझ्या पोटात गोळा येतो तो लाइनच्या विचाराने.

ज्यांना हा खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी, ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे पुढे वाकून उभी असलेली ती पाच धिप्पाड पोरं. दहीहंडीत खालच्या थराकडे कोणी बघत नाही, सगळ्यांचे कॅमेरे वरच्या गोविंदावर, तसंच यांचं. नाव कधी ऐकू येतं तर फाउल झाला म्हणून.

गेल्या वर्षी आपण १५-० होतो, जानेवारीत ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीला ३४-१३ असं लोळवून चॅम्पियन झालो. ती टीम आठवली की सगळ्यांना क्वार्टरबॅक मॅकार्थी आणि बॉल घेऊन पळणारा कोरम आठवतात, मला आठवते पेन स्टेटची मॅच. शेवटी सलग ३२ प्ले (डाव) नुसते बॉल घेऊन पळण्याचे, म्हणजे रनचे. समोरच्यांना माहीत, स्टेडियममधल्या पॉपकॉर्नवाल्याला माहीत की आता परत रनच येणार, तरी थांबवता आलं नाही. आणि आपल्या कट्टर वैऱ्यांच्या, ओहायो स्टेटच्या मॅचमध्ये लाइनमधल्या झिंटरचा पाय मोडला, त्याला गाडीवरून बाहेर नेलं, अख्खं स्टेडियम गपगार, आणि लगेच पुढच्याच प्लेला कोरम २२ यार्ड पळत थेट टचडाउन, आणि तिथे बोटांनी सहा आणि पाच करून दाखवतोय, ६५, झिंटरचा जर्सी नंबर. मी ती क्लिप अजून महिन्यातून एकदा तरी बघते.

तर त्या लाइनचे पाचच्या पाच स्टार्टर गेले. टीममधले एकूण १३ जण एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीम पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात तो) उचलले गेले, मॅकार्थी तर दहाव्या नंबरला. हेड कोच हार्बॉ एनएफएलच्या चार्जर्सकडे गेला आणि जाताना डिफेन्सचा कोऑर्डिनेटर मिंटरलाही घेऊन गेला. घर आवरून भाडेकरू निघून जावेत आणि भिंतीवर खिळ्यांची भोकं तेवढी राहावीत तसं झालंय.

आता चांगली बाजू. या २०२४ च्या सीझनचा नवीन हेड कोच शेरोन मूर हा मुळात लाइनचाच माणूस. २०२१ आणि २०२२ असं लागोपाठ देशातल्या सर्वोत्तम लाइनचं ‘जो मूर’ अवॉर्ड मिशिगनला मिळालं ते याच्या हाताखाली (आडनाव सारखं आहे, नातं काही नाही). वर सांगितलेल्या दोन्ही मॅचना हार्बॉ सस्पेंड होता तेव्हा साइडलाइनवर हाच उभा होता, त्यामुळे मोठ्या मॅचला गडबडेल असं मला वाटत नाही. पण लाइन म्हणजे पाच माणसांनी एकमेकांकडे न बघता एकाच वेळी हलणं, आणि ते नुसत्या प्रॅक्टिसमध्ये येत नाही, मॅचेस खेळाव्याच लागतात.

डिफेन्सबद्दल फार बोलत नाही कारण तिथे टेन्शन कमी आहे. मधे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, मागे विल जॉन्सन, बास झालं. रॉड मूर मात्र नाही, स्प्रिंगमध्ये गुडघा गेला त्याचा. गेल्या वर्षी ओहायो स्टेटची मॅच शेवटी इंटरसेप्शन करून (समोरच्यांचा पास मधेच पकडून) संपवली होती तोच हा.

खरा त्रास शेड्यूलचा आहे. ७ सप्टेंबरला टेक्सास, म्हणजे दुसरीच मॅच. दोन आठवड्यांनी यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया), जे यंदापासून आपल्याच बिग टेन लीगमध्ये आलेत (टेन म्हणजे आता अठरा टीम, गणित विचारू नका). नोव्हेंबरात ओरेगन, हे सगळे निदान आपल्या घरी येतायत. पण शेवटी ओहायो स्टेटच्या घरी कोलंबसला जायचंय, आणि त्यांनी यंदा दुसऱ्या कॉलेजांतून जडकिन्स काय, डाउन्स काय, दिसेल तो गोळा केलाय. सलग तीन वर्षं आपल्याकडून हरलेत, माझ्या शेजारच्या डेस्कवर त्यांचा एक फॅन बसतो, तो आत्तापासूनच सूचक हसतोय.

यंदा चॅम्पियन ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये चाराच्या जागी बारा टीम, म्हणून लोक म्हणतात १०-२ (दहा जिंकून दोन हरलो) झालो तरी आत. झालो तर ना! मी ८-४ धरून चाललेय. टेक्सास, ओरेगन, ओहायो स्टेट हातचे गेले असं समजा आणि एक कुठेतरी भलत्याच ठिकाणी पाय घसरणार. ग्रुपवर हे लिहिलं तर एकाने मला रडका स्मायली पाठवला, दुसऱ्याने विचारलं तू नक्की आपलीच ना.

फ्रेस्नोला तर हरवूच, स्कोअरमध्ये मला रस नाही. थर्ड डाउन म्हणजे तिसरा प्रयत्न, एक यार्ड हवाय, सगळ्यांना माहितीये बॉल पळणाऱ्या एडवर्ड्सकडे जाणार, तेव्हा ती पाच नवीन पोरं समोरच्यांना मागे ढकलतात का जागच्या जागी उभी राहतात, तेवढं मला बघायचंय. ढकललं तर ८-४ चं ९-३ करीन, आणि ग्रुपवर सगळ्यांची माफीही मागीन.