पॅड म्हणजे कसलं पॅड?

आमच्या काउंटरच्या मागे भिंतीवर एक कागद फ्रेम करून लावलाय. गिऱ्हाइकांना वाटतं, पहिल्या विक्रीची पावती असेल. ती कस्टम ड्यूटी भरल्याची पावती आहे. रक्कम २,९३,१२० रुपये. ती भरली तेव्हा दुकानाच्या खात्यावर एवढे पैसे नव्हते. बायकोच्या पाटल्या बँकेत गहाण होत्या.

वडिलांचं खेळाच्या सामानाचं दुकान सांगलीच्या मारुती चौकात होतं. कॅरम, बॅटी, शाळांचे चषक. सायकलचे कपडे हा प्रकार मी सुरू केला, आणि तोही स्वतःच्या बुडाखातर. ६०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलस्वारी, ४० तासांत संपवायची असते. साध्या हाफ पँटवर ती केली त्यानंतर आठवडाभर मी काउंटरवर उभ्यानेच धंदा केला. मग इंग्लंडहून बिब शॉर्ट मागवली, म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली सायकलची चड्डी, बसायच्या जागी आत फोमचा पॅड शिवलेली. दहा दिवसांनी पोस्टमनकाका दारात, हातात पार्सल आणि ड्यूटीची चिठ्ठी. "मालक, चड्डीवर एवढा कर?" काकांनी चिठ्ठी दोनदा वाचून दाखवली. कर भरला, चड्डी घातली आणि दंडोबा डोंगराच्या चढावर ठरवलं, हा माल सांगलीत विकायचा.

आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर काढला, बँकेत एडी कोड घेतला (कस्टममध्ये बँकेची ओळख म्हणून लागतो), मुंबईत कस्टमची कामं करणारा एक एजंट गाठला. पहिली काही वर्षं बरी गेली.

२०१८ च्या मे महिन्यात आम्हाला तोवरची सर्वांत मोठी ऑर्डर मिळाली. सांगली-मिरज-कोल्हापूरच्या सायकलवाल्यांनी मिळून जर्सी आणि बिबचे सेट ठरवले, इटलीत शिवून घ्यायचे, छातीवर गणपती. भाव मी लेखी दिला, निम्मे पैसे आगाऊ घेतले. माल विमानभाड्यासकट आठ लाखांचा होता. तेव्हाचा हिशोब असा: आठ लाखांवर १० टक्के ड्यूटी, त्या ड्यूटीवर १० टक्के सरचार्ज, आणि या सगळ्याच्या बेरजेवर १२ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. सगळं मिळून १,९४,५६०. भाव त्यावरच बांधला होता.

इटलीवाले ऑगस्टात सुटीवर जातात. माल त्यांनी सुटीआधी घाईत विमानात टाकला, पण तो इथे उतरेपर्यंत दिल्लीत कपड्यांवरची ड्यूटी १० वरून २० टक्के झाली होती. जुलै-ऑगस्टमध्ये दोन हप्त्यांत शेकडो प्रकारच्या कापडमालावर ती वाढवली. ऑर्डर कधी दिली, पैसे कधी पाठवले, याला कस्टममध्ये किंमत नाही. बिल ऑफ एंट्री (आलेल्या मालाचा कस्टमला द्यायचा कागद) दाखल झाली किंवा विमान उतरलं, यातली जी तारीख नंतरची, त्या दिवशीचा दर लागतो. मला हे माहीत नव्हतं. एजंटला माहीत होतं, पण त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नव्हतं म्हणे.

त्यात बॉक्समध्ये शंभर सुटे पॅडही होते, दुरुस्तीसाठी. इन्व्हॉइसवर इटलीवाल्याने फक्त 'पॅड' एवढंच लिहिलेलं. कस्टमची क्वेरी आली: पॅड म्हणजे कसलं पॅड? बायकांचं? दवाखान्यातलं? मशीनचं? एजंट फोनवर हसत होता, इकडे डेमरेजचं, म्हणजे माल गोदामात पडून राहिल्याच्या भाड्याचं, मीटर पळत होतं. मी मेल लिहिले, फोटो पाठवले. फोटोत ते पॅड खरंच काहीही वाटू शकतं, हे मला मान्य आहे.

मिरजेच्या डॉक्टर मॅडम आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. रोज पहाटे नरसोबाच्या वाडीपर्यंत सायकल, नंतर ओपीडी. त्यांना कळलं तशा संध्याकाळी दुकानात आल्या. पर्समधून स्वतःची बिब काढली, धुऊन इस्त्री केलेली, आणि काउंटरवर पसरून सर्जरीच्या कात्रीने मधोमध उभी कापली. आत पिवळा फोम, वर निळं कापड, कडेला शिवण. "हे घेऊन जा. पेशंटचा एक्स-रे दाखवल्याशिवाय कोणाला पटत नाही," म्हणाल्या. तेव्हा त्या बिबची किंमत साडेसात हजार होती.

त्याच रात्री मुंबईची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली. सकाळी कस्टमच्या साहेबांसमोर कापलेली चड्डी ठेवली. त्यांनी अंगठ्याने पॅड दाबून पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "यावर किती किलोमीटर जाता?" सहाशे म्हटलं. क्वेरी त्या दिवशी संपली. ड्यूटीचा दर मात्र २० टक्केच राहिला: १,६०,००० ड्यूटी, १६,००० सरचार्ज, आणि ९,७६,००० वर १२ टक्के म्हणजे १,१७,१२०. भिंतीवरचा कागद तोच. डेमरेज वेगळं.

आणखी एक घाव माझ्याच हाताने बसला. आम्ही तेव्हा जीएसटीत कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या योजनेत होतो. कंपोझिशनवाल्याला इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे ते १,१७,१२० रुपयेही बुडीत. नियमित नोंदणी असती तर तेवढे तरी विक्रीच्या करात वळते झाले असते. कोणी नवीन माणूस हा धंदा करणार असेल तर आधी हे बघा: ड्यूटी आणि सरचार्ज विक्रीच्या करात वळते होत नाहीत, आयजीएसटी होऊ शकतो. आमच्या सीएंना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, मी तुम्हाला दोनदा म्हटलं होतं. असेल.

माल सांगलीत आला आणि निम्म्या लोकांनी आगाऊ रक्कम परत मागितली. उशीर झाला, म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. आमच्याच ग्रुपमधले एक गृहस्थ, माझ्या काउंटरवर बसून चहा पिताना ज्यांनी इटलीच्या कारखान्याचं नाव विचारून घेतलं, ते नातेवाइकांच्या सुटकेसमधून माल आणू लागले होते. प्रवाशाच्या सामानावरची करसूट स्वतःच्या वापरासाठी असते, दुकानासाठी नाही, हे त्यांना कोण सांगणार? ना बिल, ना कर, आणि भाव माझ्यापेक्षा हजार-बाराशेने कमी. लोक मला येऊन म्हणायचे, "तुम्ही लय महाग राव." मी ड्यूटीचा कागद दाखवायचो. कागद कोणी घालून सायकल चालवत नाही. ते गृहस्थ आजही भेटतात, हात करतात. मीही करतो.

२०१९ च्या पुरात मारुती चौकातलं दुकान गेलं. त्यावर सांगलीत प्रत्येकाकडे सांगण्यासारखं आहे, मी वेगळं काय लिहू? विश्रामबागला आलो, एवढंच.

इथे आल्यावर तयार कपडा आणणं कमी केलं. आता पॅड तेवढे इटलीहून येतात; इन्व्हॉइसवर 'सायकलच्या चड्डीत शिवायचा फोमचा पॅड, पुरुष/स्त्री' असं मी आधीच लिहून पाठवतो. लायक्रा सुरतेहून. आणि शिवण आमच्या मास्तरांची. मास्तर पूर्वी शाळेचे गणवेश शिवायचे. फ्लॅटलॉक मशीन आलं, चार सुया आणि सहा दोरे, तेव्हा तीन दिवस त्यांनी नुसतं दोरे ओवले आणि काढले. ओव्हरलॉकची शिवण आत उभी राहते, मांडीला घासते. फ्लॅटलॉकची दोन्ही कापडं शेजारी शेजारी आडवी पडतात. मास्तर शिवणीवर डोळे मिटून बोट फिरवतात आणि बोट अडलं तर उसवतात. एका बिबला कधी दोनदा.

परदेशातून स्वतःपुरतं मागवणाऱ्यांनी मला रागावू नये, पण सांगतो. तिकडचा व्हॅट वजा झाला का ते बघा; इटलीत तो २२ टक्के, इंग्लंडात २०. कुरिअरच्या भाड्यावरही ड्यूटी लागते. डॉलर-युरोचा भाव बँकेचा नाही, कस्टमचा धरतात. आणि विक्रेत्याला 'गिफ्ट लिही' सांगू नका. पूर्वी ५,००० पर्यंतच्या भेटवस्तूला सूट होती. डिसेंबर २०१९ मध्ये ती गेली, राख्या आणि जीवरक्षक औषधं तेवढी राहिली. तरी लोक लिहायला लावतात आणि मग फोन मला करतात.

सप्टेंबर २०२५ पासून २,५०० पर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि वरच्याला १८ टक्के जीएसटी आहे. आमची साधी बिब २,४५० ला बसवली. मास्तर म्हणाले, पन्नास रुपयांसाठी एवढा विचार? मी भिंतीकडे बोट दाखवलं.

मॅडमची ती कापलेली बिब मुंबईहून परत आणली होती. नवी देऊ केली तर घेईनात. शेवटी मास्तरांनी नवीन मशीनवर पहिलं काम तेच केलं, मधोमध उभी फ्लॅटलॉक मारली. काळा दोरा संपला होता म्हणून लाल वापरला. वाडीच्या रस्त्यावर पहाटे लांबून ती लाल रेघ दिसते.